गाय, बगळा आणि शेणकिडा



बावड्याच्या शिवारात उसाला पाण्याची पाळी सुरू झाली, की सरीतून पाणी जसजसे पुढे सरकते तसतसे पांढरे बगळेही पुढे सरकतात. नांगरट निघाली, की तेच बगळे ट्रॅक्टरच्या मागे तासातासाने चालू लागतात. मातीबरोबर वर आलेली हुमणी, किडे, गांडुळे, जे सापडेल ते उचलतात. माणसाने हाकलले तर चार पावले उडून पुन्हा तिथेच येतात. आपण म्हणतो, बगळे लोचट झाले! पण हा पक्षी ट्रॅक्टरसाठी जन्माला आलेला नाही. त्याचे नावच मुळी गायबगळा. हजारो वर्षे तो चरणाऱ्या जनावरांच्या पायांशी वाढला, आणि आज गाय गोठ्यात बांधली गेली म्हणून बिचारा यंत्रामागे धावतो आहे.

तेव्हा या खेपेस शिवार जरा बाजूला ठेवू आणि माळावर जाऊ. नीरेच्या काठचा आपला पट्टा काळ्या मातीचा नि कालव्याच्या पाण्याचा. पण बावड्याहून निमगाव केतकीकडे आणि पुढे कळस-कडबनवाडीच्या बाजूला निघालात, की मुरमाड जमीन लागते. वर्षाला जेमतेम वीस इंच पाऊस. झाड तुरळक, गवत गुडघाभर. सरकारी कागदावर अशा जमिनीला पूर्वीपासून ‘पडीक’ हा शब्द चिकटला आणि आपणही तो खरा मानला. माळ मात्र पडून नसतो. तिथे जो तो कुणाच्या तरी आधाराने जगतो आणि कुणाला तरी आधार देतो. शास्त्रज्ञ याला सहजीवन म्हणतात, आपण देणेघेणे म्हणू. या देण्याघेण्यात आपली गाय, शेळी, मेंढी अगदी मधोमध उभी आहे. म्हणून हा विषय घरचाच समजावा.

सुरुवात बगळ्यापासूनच करू. गाय चरताना पाय टाकते, मान हलवते, गवत हिसकते. त्याने नाकतोडे, टोळ, माश्या उडतात, आणि बगळा त्यांवर टपलेला असतो. अभ्यासकांनी तासन् तास बसून बगळ्याची पावले आणि चोची मोजल्या आहेत. गुरांबरोबर चरणाऱ्या बगळ्याला कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते, असे त्यांना दिसले. एका गाईजवळ दुसरा बगळा आला तर पहिला त्याला हुसकावतो तेही यासाठीच. जणू ती गाय त्याच्या नावावर सातबाराला चढलेली आहे!

आता गाईला यातून काय मिळते? ‘बगळा गोचीड खातो’ असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरे सांगायचे तर गोचीड हे त्याचे मुख्य अन्न नव्हे. तो काही माश्या टिपतो, क्वचित गोचीडही टिपतो. पण त्याचे पोट भरते ते गवतातल्या नाकतोड्यांवर. म्हणजे गाईचा फायदा थोडा आणि बगळ्याचा जास्त. मात्र ते नाकतोडे आपल्याच ज्वारीच्या नि मकेच्या पानांवर बसणार होते, हे लक्षात घेतले तर तिसऱ्याचा, म्हणजे तुमचा-आमचा, फायदा निघतोच. सहजीवन म्हटले की दोन्ही पारडी समसमान असतात असे कुणी समजू नये. घरात तरी कुठे असतात?

या पक्ष्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतले काही गायबगळे अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले. त्याआधी त्या खंडात हा पक्षी नव्हता. पण माणसाने तिथे जंगल तोडून कुरणे केली होती, गाई नेल्या होत्या. बगळ्याला आयते बिऱ्हाड मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो उत्तर अमेरिकेतही पोहोचला. समुद्र ओलांडणारा पक्षी नव्या मुलखात टिकला तो गाईच्या जोरावर. आपल्याकडे उन्हाळा सरता सरता याच बगळ्याच्या डोक्यामानेवर हळद लागल्यासारखा पिवळा-नारिंगी रंग चढतो. तेव्हा त्याचे लग्नसराईचे दिवस असतात.

माळावर गुरांच्या संगतीने राहणारे पक्षी आणखीही आहेत. साळुंकी पाठीवर बसून कानामागचे गोचीड काढते. कावळाही काढतो, पण तो लबाड. जखम दिसली तर तिलाच टोचू लागतो. तेव्हा खांदा सोललेला बैल किंवा जखमी शेळी उघड्यावर बांधू नये. थंडीत उत्तरेकडून येणारे पिवळे धोबी मेंढरांच्या पायांतून शेपूट हलवीत पळताना दिसतात. आणि कोतवाल! म्हशीच्या पाठीवर काळाभोर कोतवाल बसलेला असतो तो तिच्या प्रेमापोटी नव्हे, तर चरताना उडणारे किडे वरच्या वर झेलायला. हा पक्षी कावळ्याला नि घारीला भीत नाही. त्याच्या घरट्याजवळ कुणी फिरकले तर तो अंगावर धावून जातो. म्हणून होला, हळद्या असे गरीब पक्षी त्याच झाडावर आपली घरटी बांधतात. भाडे न देता राखण मिळते. ज्याने याला कोतवाल नाव दिले, त्या आपल्या कुण्या पूर्वजाची नजर फार बारीक असली पाहिजे.

पण माझ्या मते माळावरचा खरा कारभारी वर उडत नाही, तो शेणाखाली असतो.

पाऊस पडून गेल्यावर माळावरचा कालचा शेणाचा पो काडीने उलटून पाहा. खाली बोटभर रुंदीची भोके दिसतील, भुसभुशीत माती वर आलेली दिसेल, आणि काळे, चकचकीत, मुगाएवढ्यापासून सुपारीएवढ्यापर्यंतचे किडे लगबगीने आत शिरताना दिसतील. हे शेणकिडे. त्यांच्यात तीन तऱ्हा आहेत. काही शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत लांब नेतात, काही शेणाखालीच बीळ खणून त्यात शेण ओढतात, आणि काही शेणातच संसार थाटतात. आपल्या माळावर बीळ खणणारे फार. बिळात नेलेल्या शेणाचा गोळा करून मादी त्यात एकच अंडे घालते. अळी त्या गोळ्यावर वाढते आणि गोळा पोखरत पोखरत किडा होऊन बाहेर येते. म्हणजे गाईचे शेण ही त्याच्या लेकरांची शिदोरी.

त्याच्या मोबदल्यात तो काय देतो ते पाहा. उघड्यावर पडलेले शेण उन्हाने वाळते, त्यातला नत्र वाऱ्यावर जातो. किड्याने तेच शेण वीतभर खोल पुरले की ते गवताच्या मुळाशी पोहोचते. त्याच्या बिळांतून पावसाचे पाणी मुरते. मुरमाड जमिनीत, जिथे पाणी वरच्या वर वाहून जाते, तिथे ही भोके म्हणजे फुकटची नांगरट. शिवाय शेण पटकन संपले म्हणजे माशीला अंडी घालायला जागा राहत नाही, आणि शेणातून बाहेर पडून गवतावर चढणाऱ्या जंतांच्या अळ्याही कमी होतात. तीच गवताची काडी उद्या तुमची शेळी खाणार असते.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे या किड्याच्या अंगावर बसून प्रवास करणारे कोळ्याच्या जातीचे अगदी बारीक जीव असतात. आपण त्यांना किड्याच्या उवा समजतो. ते त्याचे रक्त पीत नाहीत. त्यांना पंख नसतात, म्हणून एका शेणावरून दुसऱ्या ताज्या शेणावर जाण्यासाठी ते किड्याची गाडी करतात. तिथे उतरले की माशीची अंडी आणि नुकत्या फुटलेल्या अळ्या फस्त करतात. माशीच्या अळ्या शेण खातात, म्हणजे त्या शेणकिड्याच्या वाटेकरीण. ती वाटणी टळते. किड्याने प्रवाशाला फुकट नेले आणि प्रवाशाने उतरल्यावर भाडे चुकते केले, असा हा व्यवहार.

(जाता जाता: आफ्रिकेत गोळा ढकलणारा एक शेणकिडा रात्री सरळ रेषेत चालण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो, असे स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घालून त्यांनी पाहिले. आकाश दिसेना तेव्हा किडा वेडावाकडा भरकटला.)

हा किडा नसला तर काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने मोठी किंमत देऊन घेतला. त्या खंडात गाय नव्हती. १७८८ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी पहिली गुरे नेली. तिथले शेणकिडे होते कांगारूच्या कोरड्या लेंडीवर पोसलेले; गाईच्या ओल्या, पसरट शेणाचे काय करावे हे त्यांना कळेना. गुरे वाढली, लाखोंनी वाढली, आणि शेण महिनोन् महिने कुरणावर वाळून पडून राहू लागले. शेणाभोवतीचे गवत गुरे तोंडात घेत ना. माश्यांनी तर असा उच्छाद मांडला, की माणसे डोळ्यांपुढे हात हलवल्याशिवाय बोलू शकत नसत. अखेर हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बॉर्नेमिसा यांनी सुचवले, की जिथे गुरे मुळापासून आहेत तिथले किडे आणावेत. १९६८ साली पहिले परदेशी शेणकिडे क्वीन्सलंडमध्ये सोडले गेले. एकूण ४३ जाती सोडल्या गेल्या, त्यांतल्या २३ टिकल्या. प्रत्येक जातीची अंडी धुऊन, तपासून, रोग येणार नाही याची खात्री करून मगच. एका देशाला किडे विकत आणावे लागले आणि आपल्याकडे ते पिढ्यान् पिढ्या फुकट राबत आहेत!

फुकट आहेत म्हणूनच ते आपल्या हातून मरताहेत, आणि कसे मरताहेत ते कुणाच्या ध्यानात येत नाही. गोचीड-जंतांसाठी गुरांना जे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, त्यातला पुष्कळसा भाग जसाच्या तसा शेणातून बाहेर पडतो. पुढे काही दिवस, कधी काही आठवडे, ते शेण शेणकिड्याच्या अळ्यांना विषारी असते. किडा वासाने येतो, गोळा करतो, अंडे घालतो आणि अळी मरते. मेलेली अळी जमिनीखाली असल्याने दिसत नाही. अंगावर फवारायच्या काही गोचीडनाशकांचाही असाच परिणाम होतो. मी औषध देऊ नका म्हणत नाही. जंताने खंगलेली शेळी समोर उभी असताना किड्याची काळजी करा असे कोण म्हणेल? पण दुकानातून आणून दर महिन्याला सगळ्या खांडाला टोचायची जी नवी रीत पडली आहे, ती चुकीची आहे. आधी शेण-लेंडी तपासून घ्यावी. जंत असतील त्यालाच औषध द्यावे. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या जातीची औषधे शेणकिड्याला त्या मानाने सौम्य आहेत. ती चालतील का हे पशुवैद्यांना विचारावे. आयव्हरमेक्टिन द्यावेच लागले तर ते जनावर निदान पंधरवडाभर माळावर सोडू नये, त्याचे शेण खतखड्ड्यात टाकावे. आणि दुभत्या जनावराला तर विचारल्याशिवाय ते देऊच नये. ते दुधातही उतरते.

औषध जनावराच्या पोटातच संपते, हा समज एकदा फार महागात पडला आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध गुरांना दिले जाई. ते गुरू मेले की गिधाडे ते मढे खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. काही वर्षांतच देशातली बहुतेक गिधाडे संपली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर माळावरचे आकाश रिकामे झाले होते. ज्यांनी गावाबाहेर मेलेल्या बैलावर पन्नास-पन्नास गिधाडे उतरलेली पाहिली आहेत, त्यांनी नातवंडांना ते जरूर सांगावे.

एक खुलासा करायला हवा, कारण गृहिणीही शेणखत कालवताना पांढरी अळी दिसली की ‘हुमणी!’ म्हणून ठेचतात. हुमणी आणि शेणकिडा एकाच मोठ्या कुळातले, अळ्याही सारख्याच वाकड्या नि पांढऱ्या. ओळख अशी, की माळावर जमिनीखाली शेणाच्या गोळ्यात एकटी बंद बसलेली अळी शेणकिड्याची. ती पिकाचे मूळ खात नाही. उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळाशी मातीत मोकळी सापडते ती हुमणी. न कुजलेल्या खताच्या ढिगात मात्र हुमणीही असू शकते, म्हणून ते खत शेतात टाकू नये. आणि हुमणी असलेले रान नांगरायचे तर दिवसाउजेडी नांगरावे, रात्री नको. बगळे, साळुंक्या, कावळे यांना त्यांचे काम करू द्यावे.

आता जमिनीखाली आणखी थोडे. गवताच्या मुळाला बुरशीचे धागे गुंडाळलेले असतात. मूळ त्यांना साखर देते, धागे लांबवरून स्फुरद नि ओल आणून देतात. मटकी, हुलगा यांची रानटी भावंडे माळावर गवतात मिसळून उगवतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र धरतात. गाठ नखाने फोडून पाहा: आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, मातकट किंवा हिरवट असेल तर ती थकली. गायरान सुधारायचे असेल तर मारवेल, पवना अशा गवतात स्टायलो मिसळून पेरावे असे जे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. गवताला शेजारी मिळतो आणि जनावराला घास कसदार होतो.

वाळवीविषयी चांगले बोलले तर शेतकरी रागावतील. उसाच्या बेण्याला लागते, दाराच्या चौकटी खाते. माळावर मात्र तिचे काम वेगळे. वाळलेले गवत तिला स्वतःला नीट पचत नाही. ती ते वारुळात नेते, चावून त्याचा मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा करते आणि त्यावर एक खास बुरशी पिकवते. बुरशी गवत कुजवून मऊ करते, मग वाळवी ते खाते. वाळवीविना ही बुरशी नाही, बुरशीविना ही वाळवी नाही. माणसाने शेती शिकण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे हे पीक चालू आहे. पावसाळ्यात वारुळाजवळ छत्र्या उगवतात त्या याच बुरशीच्या. (पण सगळ्याच छत्र्या खाण्याजोग्या नसतात, जाणत्याने ओळखल्याशिवाय एकही घरी आणू नये.) पुढे हीच वाळवी खोकडाचे, तित्तराचे, घोरपडीचे खाद्य होते, आणि तिच्या जुन्या वारुळात नाग राहतो, ज्याची आपण पंचमीला पूजा करतो.

बोरीच्या झुडपाकडे वळू. तिच्या पानांवर हिरवी चपटी, गोगलगाईसारखी दिसणारी अळी शोधा. ती एका इवल्या निळ्या फुलपाखराची. तिच्याभोवती मुंग्या हमखास असतील, पण त्या तिला मारत नाहीत. अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो; तो मुंग्या चाटतात आणि बदल्यात गांधीलमाशीसारख्या शत्रूंना तिच्याजवळ येऊ देत नाहीत. बोर पिकले की कोल्हा नि खोकड ते खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. वाटेत खोकड उंदीरही खातो. ज्वारीच्या मळ्याशेजारी खोकडाचे बीळ असेल तर ते बुजवू नका.

बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीने खातात. बी पोटातून जाऊन लेंडीबरोबर पडते, टणक कवच मऊ झालेले असते, आणि पावसात उगवते. झाडाने शेंगेचा गर द्यायचा, जनावराने बी पेरायचे. पण हा सौदा चांगल्या-वाईटाचा विचार करत नाही! वेडी बाभूळ परदेशातून आली. तिच्या शेंगाही गोड, शेळ्यांना त्याही आवडतात, आणि त्याच वाटेने तिचे बी साऱ्या माळावर पसरते. तिच्याखाली गवत नीट वाढत नाही. दोन पिढ्यांपूर्वी जिथे गवताची कापणी व्हायची, तिथे आज काट्यांतून वाट काढावी लागते. दोष शेळीचा नाही, पण शेंगा पिकायच्या दिवसांत खांड कुठे चारायचे ते आपल्या हातात आहे.

माणूसही या देण्याघेण्याबाहेर नाही. पावसाळा इथल्या माळावर काढून दिवाळीनंतर धनगर आपली मेंढरे घेऊन पश्चिमेला, पार कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत ते शेतात मेंढरे बसवतात. पूर्वी त्याचा मोबदला धान्यात मिळे, आता रोख. एका रात्रीत लेंडी आणि मूत थेट जमिनीत पडते. ना गाडी, ना मजुरी. कुसळाचे बी मेंढीच्या लोकरीला अडकून कोसभर दूर जाते. ते कातडीत घुसून मेंढीला छळते हेही खरे. मेंढरांच्या मागे लांडगा असतो. कोकरू गेले की धनगराचे नुकसान होते, आणि ते ‘निसर्गाचा वाटा’ म्हणून सोडून द्या असे घरी बसून लिहिणे सोपे आहे. वनखात्याकडे लगोलग कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. मढ्यात विष मात्र कधी घालू नये. ते लांडग्यापाशी थांबत नाही. राखणीचा कुत्राही त्याने जातो.

आता मुद्दा उरतो तो गायरानाचा. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले, पण ते अवघे पाच चौरस किलोमीटरचे. बाकीचा माळ गावांच्या हातात आहे. दर वर्षी त्यातला काही नांगरला जातो, काहीतला मुरूम उचलला जातो, आणि काही ठिकाणी चांगल्या हेतूने खड्डे खणून झाडे लावली जातात. २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला, तेव्हा मोकळी जागा म्हणून पुष्कळांची नजर आधी माळावरच गेली. झाड लावू नये असे कोण म्हणेल? ते रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, बांधावर, शाळेभोवती लावावे. गवताच्या माळावर दाट झाडी केली तर चंडोल, टिटवी, तित्तर यांची जमिनीवरची घरटी जातात, गवत सावलीत मरते आणि गावच्या शेळ्यांना चारा उरत नाही. उन्हाळ्यात ‘नवे गवत चांगले फुटते’ म्हणून माळ पेटवण्याची जी सवय आहे, तिचेही तेच. इतक्या कमी पावसाच्या मुलखात आधी उभा चारा जातो, फुटवा मागाहून आला तर आला.

ग्रामसभेत हा विषय काढायचा असेल तर फार मोठी मागणी करू नका. गायरानाचे तीन तुकडे पाडावेत आणि दर वर्षी एक तुकडा पावसाच्या सुरुवातीपासून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, बंद ठेवावा. मेंढपाळांना विचारून तो ठरवावा. त्यांना न विचारता घातलेले कुंपण टिकत नाही. बंद तुकड्यातले वाळलेले गवत विळ्याने कापून न्यायला हरकत नाही. वेडी बाभूळ नुसती तोडू नये, ती बुंध्यापासून दुप्पट फुटते. पावसात जमीन ओली असताना लहान रोपे मुळासकट उपटावीत, हे काम शाळेची मुलेही मोठ्यांच्या देखरेखीखाली हातमोजे घालून करू शकतील. आणि ज्यांची गाय चोवीस तास गोठ्यात असते, त्यांनी भाकड जनावरे, कालवडी तरी पावसाळ्यात दिवसातून चार तास माळावर सोडाव्यात. पहिल्या आठवड्यात शेणाखाली किडे दिसणार नाहीत. ते वासावर दुरून येतात. थोडा धीर धरावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा काडीने पो उलटून पाहावा.